काल रात्रीच्या फोननंतर

नागपूर,
१२ डिसेंबर

प्रिय पंकज,

तोंडाने केलेल्या संबंधातून, म्हणजे ओरलमधून, आपल्याला एचआयव्ही झाला असेल असं सांगून काल रात्री दीड वाजता तू फोन ठेवलास, त्यानंतर मलाही झोप लागली नाही. "काही होत नाही बे, झोप," एवढंच मी म्हणालो, आणि तेवढ्याने तुझं भागलं नाही हे तुझ्या गप्प राहण्यातून कळलं. आज अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेत, मी सुट्टीच टाकली. म्हणून बसून नीट लिहितोय. आणि चार वर्षं तुझ्यापासूनही लपवलेली एक गोष्ट आज सांगतो.

मीही यातून गेलोय. रायपूरला कामासाठी गेलो होतो, तिथल्या ओळखीच्या एका मुलीबरोबर. ओरलच, त्यापुढे काही नाही. परतताना गाडी गोंदियाला पोचली तोवर माझी खात्री झाली होती की मला एचआयव्ही झाला. आठवड्याने घसा धरला. डिसेंबरात अख्ख्या नागपूरचा घसा धरतो, पण मला ते दिसेना. बाथरूमची कडी लावून आरशासमोर मान वर करायचो आणि जबड्याखालच्या गाठी चाचपायचो. सकाळी, दुपारी, रात्री. चार दिवसांनी तिथे खरंच दुखायला लागलं. दाबून दाबून दुखत होतं, आणि मी तेही लक्षण धरलं. घरात ताट, पेला, टॉवेल वेगळे केले. आईने दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "काहून रे, माझ्या हातचं चालत नाही का आता?" ते वाक्य अजून आठवतं.

ताटाचा, पेल्याचा, टॉवेलचा या रोगाशी काही संबंध नाही, हे मी आधी समजून घ्यायला हवं होतं. थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. रक्त, वीर्य, योनीतला स्राव, अंगावरचं दूध, यांतून पसरतो. माझ्या बाबतीत फक्त तिचं तोंड माझ्या अंगाला लागलं होतं, तिथे धोका जवळपास नव्हताच. तुझ्या बाबतीत तोंड तुझं होतं, तिथेही तो अगदी कमी असतो. तोंडात जखम किंवा छाले असले, हिरड्यांतून रक्त येत असलं आणि वीर्य तोंडात गेलं, तर थोडा वाढतो. तू म्हणालास की त्या सकाळी ब्रश करताना रक्त आलं होतं. म्हणून मी "शून्य" म्हणणार नाही, खोटा धीर तुला नको आहे. पण ज्या आकड्याने तू रात्ररात्र जागतोयस, तेवढा तो नाही. आणि समोरचा माणूस बाधित असेल हेसुद्धा तू नुसतं धरून चाललायस. बाधित माणूस नियमित गोळ्या घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही.

लागण टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची औषधं असतात. तुझे नऊ दिवस झाले, ती वेळ गेली. पण तुझ्यासारख्या प्रसंगात डॉक्टर ती सुचवतातच असं नाही, त्यामुळे ते मनाला लावून घेऊ नकोस.

एका गोष्टीवर मात्र मी रागावलोय. "शिबिरात रक्तदान करून येतो, फुकटात कळेल," असं तू बोललास. ते करायचं नाही. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस कोणतीच चाचणी ती पकडत नाही. त्या दिवसांतलं रक्त कुणाच्या तरी अंगात जातं. माझ्याही मनात हेच आलं होतं, म्हणून बोलतोय.

मी आधी एका खाजगी लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसाने भरल्या खोलीत ओरडून विचारलं, "एचआयव्हीवाले कोण?" मी उठलो आणि पायऱ्या उतरून निघून आलो. नंतर कळलं की २०१७ च्या कायद्याने चाचणीसाठी आपली संमती लागते आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. दोन दिवसांनी अंबाझरीच्या बांधावरून १०९७ ला फोन लावला, फुकट आहे. ती एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन. त्यांनी सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र, सांगितलं. मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. लहान खोली, टेबलावर कंडोम कसा चढवायचा ते दाखवायचं लाकडी मॉडेल, आणि पन्नाशीच्या एक समुपदेशक मॅडम. जे मी मनातसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं ते त्यांनी सरळ विचारलं, चेहरा न बदलता. मग म्हणाल्या, "भीती आजाराची आहे, की केलेल्याची?" मला रडू आलं.

तुलाही तेच विचारतो, पंकज. फेब्रुवारीत लग्न आहे म्हणून "तिला नाहीच म्हणून टाकतो" असं तू काल तीनदा म्हणालास. तिला काय सांगायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. पण न झालेल्या आजाराच्या नावावर साखरपुडा मोडू नकोस.

लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी, शिरेतून रक्त घेऊन करतात ती, ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली की भरवशाची. बोटाच्या थेंबावरच्या झटपट चाचणीला ९० दिवस धरतात. मी दोन्ही केल्या, दोन्ही निगेटिव्ह. तुझ्या ३ डिसेंबरपासून ४५ दिवस १७ जानेवारीला भरतात, मी कॅलेंडरवर मोजले. मधल्या दिवसांत गाठी चाचपायच्या नाहीत. याच आठवड्यात पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात समुपदेशकाला भेट, आणि तिथल्याच गुप्तरोगांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये घसा आणि तोंड दाखव. ओरलमधून गनोरिया, सिफिलिस, हर्पिस यांची शक्यता एचआयव्हीपेक्षा जास्त असते. यातला गनोरिया आणि सिफिलिस औषधाने पूर्ण बरा होतो. हर्पिस जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. सिफिलिसची जखम सहसा दुखत नाही, तेव्हा दुखत नाही म्हणून सोडून देऊ नकोस.

१७ च्या रात्रीची गाडी धर, मी स्टेशनवर येतो. चाचणीला तुझ्यासोबत बाकावर बसेन, अहवाल हातात येईपर्यंत. आईला सांगून ठेवलंय की तू येतोयस. ती सावजी करते म्हणाली, आणि ताट वेगळं लावणार नाहीये.

हे वाचलंस की आज रात्रीच फोन कर, दीडची वाट बघू नकोस.

तुझाच,
मंगेश