तुझ्या टाकीतल्या तपकिरी सायीबद्दल

प्रिय गड्या,

तुझं पत्र आणि तुझ्या समुद्री पाण्याच्या मत्स्यटाकीचे फोटो मिळाले. फोटो बघून आधी हसू आलं, रागावू नकोस. वाळूवर तपकिरी साय, काचेवर तपकिरी साय, दगडांच्या खाचांत हिरवे केस, आणि या सगळ्याच्या मधोमध तुझे दोन क्लाउनफिश काही झालंच नाही अशा थाटात. तिसऱ्या महिन्यात माझी टाकी हुबेहूब अशीच होती. तू विचारलंयस, सगळं उपसून, दगड घासूनपुसून नव्याने मांडू का? अजिबात नको. उपसलंस तर पुन्हा पहिल्या दिवसावर जाशील आणि तीन महिन्यांनी मला हेच फोटो पाठवशील.

ती साय म्हणजे डायटम. एकपेशीय शैवाल, अंगाभोवती सिलिकाचं कवच असलेलं. नव्या टाकीत दगडांवर मोकळी जागा भरपूर असते, ती बळकावायला पहिले हेच येतात. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे सिलिकेट, संपत आलं की ओसरतात. मग हिरवं शेवाळ येतं, ते शंखगोगलगायी चरतात, आणि कधीतरी एका दगडाच्या कडेला नखाएवढा जांभळा डाग दिसतो. ते कोरलाइन शैवाल, दगडावर चुन्याचा थर चढवणारं. तो डाग दिसला त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला होता, आणि कुणालाच त्यात बघण्यासारखं काय ते कळलं नव्हतं.

एक मात्र तपास. तुझ्या आरओ-डीआय फिल्टरमधली (नळाच्या पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रातली) रेझिन, म्हणजे ते क्षार शोषणारे रंगीत दाणे, रंग पालटायला लागली आहे का? विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतोय म्हणून निश्चिंत राहू नकोस. थकत आलेली रेझिन सगळ्यात आधी सिलिकेटच सोडते आणि मीटरला ते नीट दिसत नाही. रंग अर्ध्याच्या वर पालटला असेल तर बदलून टाक. तुझ्या सायीवरचा खराखुरा उपाय एवढाच.

आता जरा खडसावतो. तुझ्या एका फोटोत टाकीखालचं कपाट उघडं राहिलंय आणि त्यात मला सहा बाटल्या दिसल्या. शेवाळ मारायची, फॉस्फेट शोषायची, जिवाणूंची, आणखी कसल्या कसल्या. त्या सगळ्या महिनाभर बंद. हे मी शहाणपणाच्या गर्वाने सांगत नाही. माझ्या टाकीत जेवढे जीव मेले, त्यातले बहुतेक माझ्याच हातून, आणि तेही काहीतरी सुधारायला गेलो तेव्हाच मेले.

अक्रोपोरा या नाजूक प्रवाळाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, लाज वाटायची. दीड वर्षं टाकी छान चालली होती. फांद्यांची दोन प्रवाळं धरली होती, टोकं वाढताना पांढुरकी दिसायची, मी रोज सकाळी बघत बसायचो. एका रात्री अल्कलाइनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) मोजली तर ७ डीकेएच. माझ्या डोक्यात ९ हा आकडा पक्का बसलेला. लगेच सोडियम बायकार्बोनेट विरघळवलं, ओतलं, मोजलं, पुन्हा ओतलं. झोपताना आकडा ९.३. चौथ्या दिवशी दोन्ही प्रवाळांची टोकं जळाल्यासारखी झाली आणि कातडी सोलून आली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! वर कहर म्हणजे नंतर पाणी तपासायच्या दुसऱ्या किटने पडताळलं तेव्हा कळलं की माझ्या किटचं रसायन मुदत संपलेलं होतं आणि आकडा कमी दाखवत होतं. म्हणजे त्या रात्री पाणी बहुधा ठीकच होतं, आणि मी ते ११ च्या घरात नेऊन ठेवलं.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. विचित्र आकडा आला की त्या रात्री काहीही ओतायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. आणि बदल करायचाच तर दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नाही. ७.५ वर स्थिर असलेली टाकी ८ आणि १० मध्ये हिंदोळणाऱ्या टाकीपेक्षा कधीही बरी.

तू कॅल्शियम रोज मोजतोस असं लिहिलंयस. त्यात वेळ घालवू नकोस. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलाइनिटी दोन्ही एकदमच वापरतं, पण साठ्यांत फरक आहे. कॅल्शियम २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भाग) उतरतं तेव्हा अल्कलाइनिटी साधारण २.८ डीकेएचने उतरते. ४२० चे ४०० झाले तर किटवर धड कळतही नाही, पण ८ चे ५.२ झाले तर प्रवाळ संकटात. म्हणून अल्कलाइनिटी दोन-तीन दिवसांनी मोज, कॅल्शियम पंधरवड्याने. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा, १३०० च्या आसपास असलं की पुरे. आणि सध्या तुझ्याकडे सांगाडा बांधणारं प्रवाळ एकही नाही, त्यामुळे दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललंस तरी भागेल.

पीएचचंही तेच. सकाळी ७.८ आणि संध्याकाळी ८.२ येतो म्हणून घाबरलास ना? रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. दिवस उजाडला की चढतो. फार खाली जात असेल तर खोलीची खिडकी उघड. बंद खोलीत माणसं असली की हवेतलाच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) तीच हवा पाण्यात घुसळतो.

फॉस्फेटबद्दल तुझा सूर मला सर्वात काळजीचा वाटला. "शून्यावर आणूनच सोडतो," असं लिहिलंयस. बाबा रे, तसं करू नकोस. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की शेवाळ उपाशी मरतं हे खरं, पण प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवालही उपाशी राहतं, आणि प्रवाळाचं बरंचसं पोट त्या भाडेकरूवरच भरतं. शिवाय रिकाम्या झालेल्या मैदानात डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव शिरतात. तेही तपकिरीच, पण डायटमसारखी भुकटी नव्हे. शेंबडासारख्या तारा, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, रात्री दिवे गेले की विरळ, दुपारी पुन्हा हजर. त्यांच्यापायी मी पाच महिने घालवले. ते गेले ते औषधाने नाही, माशांना थोडं जास्त खायला घालून, नायट्रेट ५ पीपीएमवर आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमवर टिकवून. तुझ्या फोटोत बुडबुडे दिसले नाहीत, म्हणून मी निवांत आहे.

पाणी आटण्याबद्दल विचारलंस. आटतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. तुझ्या ३०० लिटरमधून दिवसाला ३ लिटर आटत असेल आणि आठवडाभर भरलं नाहीस, तर ३५ चा खारटपणा (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) साडेसदतिसावर जातो. मग एकदम बादलीभर ओतलीस तर पुन्हा झटका. म्हणून रोज भर आणि भरायचं ते गोडं आरओ पाणी, मिठाचं नाही. जमलं तर फ्लोट सेन्सरवाला, पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा टॉप-अप लाव. माझ्या मते दिव्यांच्याही आधी घ्यायची वस्तू ती. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरचं शून्य गोड्या पाण्याने लावत असशील तर ती सवय मोड. ३५ चं तयार द्रावण मिळतं त्याने जुळव, नाहीतर शून्याला अचूक असलेलं यंत्र नेमकं हव्या त्या जागी दोन अंकांनीही चुकू शकतं.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करच. मुख्य पंप बंद कर आणि सम्पकडे, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीकडे, बघत उभा राहा. माझ्याकडे एकदा पहाटे वीज गेली, पंप थांबला, परतीच्या नळीने उलटा सायफन धरला, टाकीतलं पाणी सम्पमध्ये आणि सम्पमधलं जमिनीवर. झोपेतून उठून पाय टेकवला तो थेट समुद्रात. उपाय इतका साधा की चीड येते: परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक भोक पाडायचं. पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक महिन्याला साफ कर, गोगलगायी नेमक्या तिथेच जाऊन बसतात. वायरी प्लगपेक्षा खाली झोळीसारख्या लोंबू देत, म्हणजे ओघळ प्लगात न जाता खाली ठिबकेल. आणि बॅटरीवर चालणारा एक एअर पंप हाताशी ठेव. वीज गेली की मासे आधी गुदमरतात, थंडी-उष्णता नंतरची.

आणखी एक गोष्ट, हिच्यात चेष्टा नाही. तुला झोअँथिडचा, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या बटणांसारख्या रंगीत जीवांचा, दगड घ्यायचाय. रंग सुंदर असतात, मान्य, पण त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावायचा नाही, आणि नको असलेला दगड साफ करायला कधीही उकळायचा नाही. त्या वाफेने घरंच्या घरं इस्पितळात गेल्याची उदाहरणं आहेत.

माशांचं सांगतो. तुझ्या मुलीला निळा टँग हवाय हे कळलं. तिला सांग की तो पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो, तुझ्या टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. मँडरिन मासाही नको. तो कोपेपॉड नावाच्या बारीकसारीक कवचधारी जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत ते नसतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत जातो. समुद्रफूल (सी ॲनिमोन) आणायचं असेल तर वर्षभर थांब. क्लाउनफिशना त्यावाचून काही अडत नाही. तुझ्या दोघांतला मोठा असेल ती मादी असेल किंवा होईल. सगळे जन्मतात नर म्हणून, आणि जोडीत वरचढ ठरतो तो मादी बनतो. नावं ठेवायची घाई केली असशील तर बदलावी लागतील.

नवा मासा काहीही आण, आधी वेगळ्या टाकीत महिनाभर ठेव. मी एकदा तो कंटाळा केला आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आत आला. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, कोळंब्या आणि प्रवाळं मरतात. शेवटी उरलेले मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवली. रिकाम्या पाण्यात दिवे लावून बसलेल्या माणसाकडे घरातले कसे बघतात, ते तुला सांगायला नको.

मला विचारशील तर पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी ही जोडी आण. माझ्या टाकीत सगळ्यात जास्त वेळ मी तिच्यासमोर घालवतो. कोळंबीला धड दिसत नाही. ती दिवसभर बीळ खणते, बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर आणते, आणि बाहेर असताना तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दाराशी पहारा देतो. काही हललं की शेपटी थरथरवतो आणि कोळंबी तत्क्षणी आत. रात्री मधूनच टाकीतून काच तडकल्यासारखा टक् आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी टॉर्च घेऊन चारही काचा तपासल्या होत्या. तो तिच्या नांगीचा आवाज. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो त्याचा हा बार. ती खणते म्हणून दगड वाळूवर ठेवू नकोस, थेट तळाच्या काचेवर टेकव आणि मग भोवती वाळू घाल. नाहीतर एक दिवस तुझा डोंगर तिच्याच अंगावर कोसळेल.

माझ्या लेदर नावाच्या मऊ प्रवाळाचा एक तुकडा गेल्या रविवारी तुझ्यासाठी कापून दगडाच्या चकतीवर बांधून ठेवलाय. अजून मिटून, रुसून बसलाय. जखम भरून पॉलिप (त्याची इवली तोंडं) बाहेर यायला दोन आठवडे तरी लागतील. तोवर तू वहीत रोजचा खारटपणा, तापमान आणि दर तीन दिवसांची अल्कलाइनिटी लिहून ठेव. आकडे कसेही असोत, एका रेषेत असले की मी तुकडा घेऊन येतो. आणि कपाटातल्या बाटल्या मी स्वतः मोजणार आहे.

वहिनींना नमस्कार, मुलीला गोड पापा. टाकीवर जाळीचं झाकण अजून लावलं नसशील तर उत्तर लिहिण्याआधी ते लाव, गोबी उडी मारतो.

तुझाच,
खारट हातांचा मित्र