व्याज माफ करा म्हणे!

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात हाउसिंग सोसायट्यांच्या थकबाकीवरचा लेख वाचला. कलमं बरोबर दिली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी 'व्याज माफ करून सामोपचाराने घ्यावे' असा जो गोड सल्ला आहे, तो वाचून हातातला चहा गार झाला. लेखकमहाशय कधी सोसायटीचे खजिनदार होते का? मी नऊ वर्षं होतो.

आमचे अठरा फ्लॅट. २०१६ चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं; आमच्या टाकीत मात्र खासगी टँकरच रिता व्हायचा, आणि टँकरवाला उधारी ठेवत नव्हता. दर फ्लॅटमागे वर्गणी ठरली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ती दिलीच नाही. मागायला गेलं की, "देतो की काका, कुठं पळून जायलोय का मी?" पळतील कशाला? टाकी एकच. आमच्या पैशाचं पाणी त्यांच्याही नळाला येत होतं. ते तोडता येत नाही, आणि तोडूही नये. घरात त्यांची म्हातारी आई होती.

पुढे त्यांनी बंगला बांधला आणि फ्लॅट नीटची तयारी करणाऱ्या सहा पोरांना दिला. पोरांकडून भाड्यावर मेंटेनन्स वेगळा घ्यायचे, हे पोरांनीच मला सांगितलं. तो आमच्यापर्यंत कधी उतरला नाही. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून बिनभोगवटा शुल्क लावलं (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर लावताच येत नाही, म्हणजे चहापाण्याएवढं), तर म्हणाले, "भाडेकरू कुठले, भाचे आहेत." एक उदगीरचा, एक गंगाखेडचा, एक थेट किनवटचा. गोतावळा मोठा.

तेव्हाच्या उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता यायचं. आमच्या सभेने १८ ठरवलं. त्या ठरावाचे अनुमोदक कोण? हेच गृहस्थ! इतिवृत्तात सही आहे.

मग ठराव, नोटिसा, खातेउतारे, चलन, तारखा. वसुलीसाठी सहकार कायद्यात पूर्वी कलम १०१ होतं, २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ आलं; आमचा थकबाकीदार तोच राहिला. अखेर सहकार खात्याकडून वसुली दाखला मिळाला. त्याविरुद्ध वर दाद मागायला, रिव्हिजनला, जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून ते गेले नाहीत. भरलेही नाहीत. पुढची पायरी जप्तीची. पण ज्यांच्याशी वीस वर्षं राम राम आहे, त्यांच्या दाराला जप्तीचा कागद डकवायला कमिटीतला एकही माणूस माझ्याबरोबर येईना. एकाच्या मुलीचं लग्न होतं, एकाची कंबर धरली होती. दाखला माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत राहिला.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी फ्लॅट विकायला काढला. घेणाऱ्याच्या बँकेने सोसायटीचं 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्र, मागितलं, आणि त्याच संध्याकाळी साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात. चेकबुक खिशात. फक्त एक विनंती, मुद्दल घ्या, व्याज सोडा. सभा बोलावली. विरोधात एकच हात वर गेला, तो माझा. पेढे सगळ्यांनी खाल्ले, मीही एक खाल्ला.

आता तुमचे लेखक हेच सुचवतात म्हणून विचारतो, बाकीच्या सतरा जणांनी दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरले, टँकरचेही वेळेवर दिले, त्यांना काय मिळालं? मालमत्ता कराच्या शास्तीत सूट देणारी अभय योजना जाहीर झाली की माझं डोकं असंच फिरतं.

जाता जाता, लेखाशेजारी फोटो मुंबईतल्या चाळीस मजली टॉवरचा होता. लातुरात तुम्हाला एक चार मजली इमारत सापडू नये? आणि रविवारची पुरवणी दोन आठवडे मिळालेली नाही. पेपरवाला म्हणतो, "वरूनच येईना गेलीय." बिल मात्र एक तारखेला पूर्ण आलं. ते पाचपर्यंत दिलं नाही तर सहाला पेपर बंद. त्याला ना ठराव लागतो, ना कलम.

— एक माजी खजिनदार, औसा रोड, लातूर