पोर्ट सनलाइटहून आल्यावर

लिव्हरपूल

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला उत्तर नाही, रागावली असशील तर रागाव. गुडघा ठीक. पण हे वाच, दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

परवा लेकीने पोर्ट सनलाइटला नेलं. हो, आप्पांचं पोर्ट सनलाइट! 1888 साली साबणवाल्या विल्यम लीव्हरने आपल्या कामगारांसाठी वसवायला घेतलेलं गाव. घरांपुढे हिरवळ, मधोमध त्याने बायकोच्या आठवणीत बांधलेली आर्ट गॅलरी. बोल्टनच्या वाण्याचा पोरगा गं! वाणी साबण लांब लादीतून कापून, तोलून विकायचे. याने वड्या पाडल्या, कागदात गुंडाळल्या, वर नाव छापलं. लीव्हरच्या शिवडीच्या कारखान्यातून आल्यावर आप्पा हेच रंगवून सांगायचे. आणि पैजेवर साबण चाटणारी तू एकदा म्हणालीस, "नोकरी गेली की घरही जात असेल!" गणपती उठेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नव्हते. मोदकसुद्धा दादाच्या हाती पाठवले.

तुझंच खरं होतं. घर नोकरीला बांधलेलं. नफ्याचा वाटा रोख दिला तर उधळाल, त्यापेक्षा मी घरं बांधतो, असं लीव्हर म्हणायचा.

पण मला डाचतंय ते पुढचं. साबणाला पाम तेल हवं, म्हणून 1911 साली त्याने बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत पामच्या अफाट रानांचे हक्क मिळवले. तिथल्या ठाण्याचं नाव लीव्हरव्हिल. झाडांवरचे घड उतरवायला माणसं जबरदस्तीने आणत. लीव्हर 1925 मध्ये गेला, सक्ती राहिली. 1931 मध्ये तिथल्या पेंडे जमातीचे लोक बंड करून उठले, तेव्हा शेकडो मारले गेले. एकाच माणसाची दोन गावं, सुमे! लेकीने हे ट्रेनमध्ये वाचून दाखवलं, तेव्हा गुलाबांचे फोटो आप्पांना आधीच गेले होते.

आता ते रोज फोनवर विचारतात, "अजून काय पाहिलंस?" नव्वदीला टेकलेत. जन्मभर अंगाला त्या कारखान्याचा वास आणि त्याचा अभिमान. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं? पण वजनात मारू नये, हे मला त्यांनीच शिकवलं. अर्धंच सांगितलं तर तेच झालं ना?

नातीचं नाव काय ठेवलंत? सूनबाई बरी आहे ना? तुझ्या जागेचा ताबा मिळाला का?

मी अठरा तारखेला पोचते. आप्पांकडे माझ्याबरोबर ये. तू शेजारी बसलीस तर सांगता येईल. आणि त्यांनी तुला त्या गणपतीवरून छेडलं, तर या वेळी मी तुझ्या बाजूने.

तुझी,
नली