वर्ग-२ ची जमीन लपवून गाळा विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
विकसक कंपनी, मुख्य कार्यालय

विषय : परभणी शहरालगतच्या आपल्या व्यापारी संकुलातील तळमजल्यावरील गाळा क्र. १४ चे बुकिंग रद्द करून भरलेली रक्कम व्याजासह परत मिळणेबाबत.

महोदय,

मोंढ्यात माझे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. एकोणीस वर्षे भाड्याच्याच गाळ्यात काढली. मूळ मालकाला आता ती जागा हवी आहे, पाडव्यापर्यंत खाली करा असे त्याने सांगितले आहे. मुलगाही हाताशी आला, म्हणून यंदा स्वतःचा गाळा घ्यायचे धाडस केले.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या साइट ऑफिसात गाळा क्र. १४ चा व्यवहार ३२ लाखांना ठरला. आधी इसार ३ लाख, मग "स्लॅब पडतोय, आठवड्यात भरा" म्हणून दोन हप्ते, असे मिळून ११ लाख २० हजार मी बँकेतूनच भरले. बदल्यात हातात आला तो पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला समजुतीचा करार. रजिस्ट्रीचे विचारले की एकच उत्तर, "लोन झाले की लगेच."

लोन झालेच नाही. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी मला बोलावले आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक आपण दिलेली सातबाऱ्याची झेरॉक्स, दुसरा त्यांनी काढलेला डिजिटल सहीचा सातबारा. डिजिटल उताऱ्यावर वरच लिहिले होते, "भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग - २", म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. इतर अधिकाराच्या रकान्यात सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी असल्याची नोंद होती. आपल्या झेरॉक्सवर वरची ती ओळच नव्हती. दुसरा कागद ठेवून झाकले की उमटते तशी सरळ काळी रेघ तिथे होती आणि उजवीकडचा रकाना कोरा होता. वकीलसाहेब काही बोलले नाहीत, नुसते बोट ठेवले. महोदय, ती रेघ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मी १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढले. जमीन मदतमाश, म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेल्या, इनामाची आहे. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या अशा इनाम जमिनी गावोगाव आहेत आणि १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यापासून त्यांच्या व्यवहारावर अटी आहेत. या जमिनीवर बांधकाम होऊच शकत नाही असे माझे म्हणणे नाही. परवानगी घ्यावी, सरकारला द्यायची रक्कम म्हणजे नजराणा भरावा, वर्ग बदलून घ्यावा आणि मग गाळे विकावेत. आपण तसे केले असते तर मी दोन वर्षेसुद्धा थांबलो असतो. आपल्याकडे आहे तो जमीनमालकाशी केलेला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र. मालकालाच जो हक्क परवानगीशिवाय देता येत नाही, तो मुखत्यारपत्राने आपल्याकडे कसा आला? उद्या शर्तभंगाची नोटीस निघाली तर अडचणीत गाळेवालाच येणार.

हे विचारायला मी साइट ऑफिसात गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "काका, इकडे सगळ्याच जमिनी अशा असतात, चालून जातं." हे ऐकून मला फार वाईट वाटले. शेजारचा गाळा बुक केलेल्या बाईंनी शिलाईकामावर पैसे जमवले आहेत. त्यांचे कसे चालून जाणार?

रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा, त्याखालच्या नोंदणीचे विचारले तर "दुकानांना रेरा लागत नाही" असे उत्तर मिळाले. हे साफ खोटे आहे. या कायद्यात 'अपार्टमेंट'च्या व्याख्येत दुकान, कार्यालय, शोरूम, गोदाम सगळे येते. आपल्या माहितीपत्रकावर छापलेला क्रमांक महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो आपल्याच मागच्या निवासी इमारतीचा निघाला. नोंदणीशिवाय बुकिंग घ्यायला कलम ३ ने मनाई आहे आणि कलम ५९ प्रमाणे प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

कलम १३ तर अगदी सरळ आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ३२ लाखांचे १० टक्के म्हणजे ३ लाख २० हजार. त्यावर ८ लाख रुपये आपण नुसत्या नोटरीवर घेतलेत.

पंधरा रुपयांत मिळणारा डिजिटल उतारा मी आधीच काढायला हवा होता, हे मान्य. पण जमिनीचा हक्क निर्वेध आहे की नाही हे खरे सांगण्याची जबाबदारी कायद्याने विकसकावर टाकली आहे. खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह मागण्याचा हक्क कलम १२ देते. आणि मालकी हक्कातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईला मुदतीची आडकाठी नाही, असे कलम १८ मध्ये स्पष्ट आहे. थोडा काळ गेला की हा माणूस थकेल, असे कोणी समजू नये.

आता मला हा गाळा नको. ११ लाख २० हजार रुपये, भरल्या तारखेपासून, महाराष्ट्राच्या रेरा नियमांप्रमाणे म्हणजे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या आधारभूत व्याजदरापेक्षा) २ टक्के जास्त दराने व्याजासह, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. "दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये अ‍ॅडजस्ट करतो" असा निरोप पाठवू नये, तो मला मान्य नाही. रक्कम न आल्यास मी महारेराकडे तक्रार दाखल करणार आहे. त्या झाकलेल्या झेरॉक्सबद्दल पोलिसांत वेगळा अर्ज देणार आहे. तिची मूळ प्रत बँकेच्या फाइलमध्ये आहे.

आणखी एक विनंती, स्वतःसाठी नाही. बाकीच्या गाळेधारकांना खरा सातबारा आपणहून दाखवा. यातल्या निम्म्या लोकांनी अजून लोनसाठी अर्जही केलेला नाही, त्यांना यातले काहीच माहीत नाही. पुढचा हप्ता त्यांच्याकडून या महिनाअखेर घेतला जाणार आहे, तो त्याआधी थांबवा.

कळावे,

आपला,
गाळा क्र. १४ चा नोंदणीधारक, परभणी

सोबत : पावत्या, नोटरी करार, दोन्ही सातबारे आणि खासरा पत्रकाची प्रत.