आधी मकोला, मग किल्ले

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझं तिकीट झाल्याचं बाबांनी सांगितलं आणि तू पाठवलेली यादीही वाचायला दिली. जेम्स फोर्ट, अशर फोर्ट, ओसूचा किल्ला, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचं स्मारक. इतिहास शिकणाऱ्या मुलीने नेमकं तेच निवडलंय, आणि ते सगळं आपण बघूच. पण यादीत मकोला नाही. माझं ऐकशील तर घानाच्या या राजधानीत, आक्रामध्ये, पहिली सकाळ तिथे घालव, किल्ले नंतर.

मकोला हा शहराच्या मधोमध असलेला बाजार. इंग्रजांच्या अमदानीत, १९२४ साली बांधलेला. तो पहिल्यापासून बायकांचा. टोमॅटोवाल्या एकीकडे, यामवाल्या दुसरीकडे (याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद), पुढे धुरावर वाळवलेली मासळी, मग छापील कापडाचे ठाणच्या ठाण. प्रत्येक मालाची एक राणी असते, तिला ओहेम्मा म्हणतात. जागेवरून, भावावरून भांडण झालं तर ते तिच्यापुढे जातं आणि तिचा शब्द चालतो. आईची बैठक लेकीकडे येते, तिच्याकडून नातीकडे. मी कोंतोमिरे घेते ती बाई आईच्या जागेवरच बसते. कोंतोमिरे म्हणजे अळूच्या कुळातलीच पानं. तू आलीस की त्यांचं फदफदं करते. चव आपल्या अळूच्या अगदी जवळची येते, घसाही खवखवत नाही.

तुझ्या यादीतल्या जागांचा इतिहास या बाजारातून जातो, म्हणून मी आग्रह धरतेय. जेम्स फोर्ट इंग्रजांनी १६७३ मध्ये बांधला. आधी व्यापारासाठी, गुलाम केलेल्या माणसांच्या व्यापारासाठीही, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. एन्क्रुमा तिथे कैदेत होते. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक त्यांनी कोठडीतून लढवली, आक्राच्या जागेवर २३,१२२ पैकी २२,७८० मतं मिळवली आणि १२ तारखेला बाहेर आले. त्यांच्या पक्षाला पैसा आणि माणसं पुरवण्यात बाजारातल्या बायका पुढे होत्या. सबंध दिवस गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या बाईइतकी बातमी लांब पोचवणारं तेव्हा दुसरं कोण होतं?

आणि पुढे काय झालं ते ऐक. सत्तरच्या दशकात कोकोचं उत्पन्न घटलं, आयातीचे परवाने वशिल्याने वाटले गेले, चलनाची किंमत नुसती कागदावर उरली. माल मिळेना, भाव कडाडले. जून १९७९ मध्ये रॉलिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली सैनिकांनी सत्ता घेतली आणि महागाईचा दोष बाजारातल्या बायकांच्या माथी मारला. माल लुटला, बायकांना चारचौघांत फटके मारले, आणि ऑगस्टमध्ये मकोला नंबर एक हा जुना बाजार जमीनदोस्त केला. मोकळ्या झालेल्या त्या जागेला पुढे रॉलिंग्ज पार्क नाव पडलं. मी तिथून जाते तेव्हा संताप येतो. टंचाई परवाने वाटणाऱ्यांनी ओढवली आणि चाबूक टोमॅटो विकणारीच्या पाठीवर बसला. पण बायका हटल्या नाहीत. आसपासच्या गल्ल्यांत पुन्हा बसल्या, आणि आज तू बघशील तो मकोला त्यांनीच पुन्हा उभा केलेला आहे.

हे बघून मग किल्ल्यांकडे चल. अशर फोर्ट डचांचा, १६४९ चा. जेम्स फोर्टपासून चालत थोड्याच अंतरावर. ओसूचा किल्ला डॅनिश लोकांचा. तो त्यांनी १८५० मध्ये इंग्रजांना विकला, मग गव्हर्नर तिथे राहिले, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं सरकार तिथूनच चाललं.

त्याच किल्ल्याच्या रस्त्यावर २८ फेब्रुवारी १९४८ ला माजी सैनिकांचा मोर्चा अडवून गोळीबार झाला. सार्जंट अजेतेय, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्ते लॅम्प्टे हे तिघे गेले. हे लोक दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांसाठी लढून परतले होते आणि कबूल केलेलं पेन्शन व नोकऱ्या मागत होते, एवढंच. इथले हजारो सैनिक ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. त्याच आघाडीवर आपल्या मराठा पलटणीही होत्या. ही जागा तू नीट, वेळ काढून बघावीस असं मला फार वाटतं.

एन्क्रुमांचं स्मारक जुन्या पोलो मैदानावर आहे. ६ मार्च १९५७ ला मध्यरात्री त्यांनी तिथेच स्वातंत्र्याची घोषणा केली. १९६६ च्या बंडात त्यांचा पुतळा मोडला गेला, मुंडकं तुटलं. ते कोणीतरी वर्षानुवर्षं जपून ठेवलं आणि २००९ मध्ये परत आणून दिलं. आता तो मोडका पुतळा आणि ते मुंडकं शेजारी शेजारी ठेवलंय.

काही सूचना. मकोलात सकाळी लवकर जायचं. डिसेंबरात नाताळच्या खरेदीमुळे दुपारी पाऊल ठेवायला जागा नसते. विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस, बायका रागावतात आणि त्यांचं बरोबर आहे. पैसे उजव्या हातानेच दे. डोक्यावर भलंमोठं ओझं घेऊन उत्तरेकडून आलेल्या कायायेई मुली धावत येतील, त्यांना आधी वाट दे. सहाराकडून येणारा हरमाटान वारा तेव्हा सुरू असेल, ओठ फुटतात, म्हणून व्हॅसलीन आण. आणि आजीकडून कोकम घेऊन ये, अर्धा किलो तरी.

तुझी,
आई