ब्लॅक माम्बा: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील आफ्रिकेच्या ब्लॅक माम्बा या सापावरचा लेख आवडीने वाचला. लेखाची भाषा ओघवती आहे. परंतु घोड्यालाही मागे टाकणारा, माणसाचा पाठलाग करणारा आणि ज्याच्या दंशावर औषध नाही असा हा साप, ही तिन्ही विधाने चुकीची असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. सोबत छापलेले काळ्याभोर सापाचे छायाचित्रही दुसऱ्याच सापाचे असावे. ब्लॅक माम्बाचे अंग करडे, तपकिरी किंवा मातकट हिरवे असते. काळा असतो तो त्याच्या तोंडाचा आतला भाग, आणि धमकावताना जबडा उघडून तो हेच दाखवतो.

हा साप चपळ आहे यात वाद नाही. थोड्या अंतरापुरता तो ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग गाठू शकतो. चौखूर धावणाऱ्या घोड्याची बरोबरी करण्यास हा वेग फारच कमी पडतो. पाठलागाची कथा बहुधा त्याच्या राहण्याच्या सवयीतून निघाली असावी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील गवताळ आणि झुडपी प्रदेशांत तो ओसाड वारुळे, झाडांच्या ढोली व खडकांतील कपारी यांत मुक्काम करतो, कोणी त्रास दिला नाही तर एकच जागा दीर्घकाळ धरून राहतो आणि भक्ष्यासाठी दिवसा बाहेर पडतो. अशा वेळी एखादा माणूस नेमका साप आणि त्याचे बीळ यांच्या मध्ये आला, तर बिळाकडे धाव घेणारा साप आपल्याच अंगावर येत आहे असे त्याला वाटणारच. कोंडीत सापडलेला माम्बा मात्र शरीराचा पुढचा भाग बराच उंच उचलतो आणि एकापाठोपाठ एक दंश करतो, त्यामुळे त्याच्यापासून दूर राहणे हेच शहाणपणाचे. एकाला मारले तर त्याचा जोडीदार सूड घेतो, अशीही समजूत तिकडे आहे; नागिणीच्या सुडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये.

विषाच्या तीव्रतेबद्दल लेखकाचे म्हणणे बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला आहे. उपचार न मिळाल्यास हा दंश जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. या विषातील घटक मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेशवहन बिघडवतात आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. म्हणूनच वेळीच कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू केला तर रुग्ण तग धरू शकतो. शिवाय दक्षिण आफ्रिकेत घोड्यांच्या रक्तापासून बनवले जाणारे प्रतिविष माम्बाच्या विषावर चालते, मात्र त्याच्या बऱ्याच कुप्या लागतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते, त्यामुळे केनिया-टांझानियात नोकरीला जाणाऱ्या कोणी ते सोबत नेले, तरी माम्बाच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येणार नाही.

साप जवळच्या नात्याचे असले तरी हीच अडचण येते. पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात सर्पदंशाचे बहुतांश बळी माम्बाचे नसतात, ते आपल्या फुरशाच्या भाऊबंदांचे असतात. घानामध्ये अशा दंशांवर भारतीय फुरशाच्या विषापासून बनवलेले प्रतिविष वापरले गेले आणि मृत्यूंचे प्रमाण वाढले, अशी नोंद २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यानंतर, माम्बासह आफ्रिकेतील अनेक सापांवर उपयोगी पडणाऱ्या एका फ्रेंच प्रतिविषाचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि त्याचा शेवटचा साठा २०१६ मध्ये मुदतबाह्य झाला. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा सापाच्या वेगापेक्षा या तुटवड्याला अधिक जागा मिळावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सावंतवाडी