आधी आरोपीला घराबाहेर काढता येतं का ते बघ

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात तू कायदा तथा परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू होते आहेस. तिथे एक प्रकार वारंवार पुढ्यात येईल: मुलगी अल्पवयीन आणि पॉक्सोतला (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आरोपी तिच्याच घरातला. आज त्याबद्दलच लिहिते.

आरोपी एकाच छपराखालचा असला की पोलिसांनी 24 तासांत मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तिला घरातून हलवायचं का, हे समितीने 3 दिवसांत ठरवायचं. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत खरे, पण बालगृह काय, योग्य व्यक्ती (मूल सांभाळायला समितीने मान्य केलेली व्यक्ती) काय, समितीचे आदेश मूल कुठे आणि कसं राहील हे ठरवतात. घर कोणी सोडायचं, हे त्यात येत नाही. म्हणून घाईत सोपं तेच होतं. मुलगी दूरच्या बालगृहात, शाळा अर्ध्यावर, आणि जामीन मिळाला की तो पुन्हा घरी. धाकटी बहीणही तिथेच असते आणि तिच्याबद्दल कागदावर एक ओळ नसते. हे मला अजिबात पटत नाही.

त्याला बाहेर काढण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याकडे आहे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली. आई मुलीच्या पाठीशी उभी असेल तर त्याच दिवशी तिला त्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे ने, डीआयआर (कौटुंबिक हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल) भरून घे आणि कलम 12 चा अर्ज तयार कर. कलम 19 खाली त्याने घर सोडावं असा आदेश माग (हा आदेश बाईविरुद्ध मिळत नाही). त्याच्या जोडीने कलम 18 चा संरक्षण आदेश मागायला विसरू नकोस. कलम 31 ची शिक्षा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही संरक्षण आदेश मोडल्याबद्दल आहे. नुसता 19 चा आदेश हातात असला आणि तो परत येऊन दारात उभा राहिला, तर पोलीस हात वर करतात. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो, पण नोटीस बजावण्यातच आठवडे जातात. म्हणून सोबत शपथपत्र जोडून कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे त्याचं म्हणणं ऐकण्याआधीचा तात्पुरता आदेश, माग. घर त्याच्या कमाईवर चालत असेल तर कलम 20 खाली खर्चही मागायचा, नाहीतर महिन्याभरात आईच जबाब फिरवते. त्यात तिला दोष देऊ नकोस, चूल पेटायला हवी असते.

पॉक्सोच्या विशेष न्यायालयात त्याच्या जामिनाची सुनावणी असेल तर आधी सरकारी वकिलांना गाठ आणि घरात पाय ठेवायचा नाही ही अट मागून घे.

मुलीच्या घरची माहिती समितीला देणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालाला 15 दिवस मिळतात, समितीच्या अंतिम आदेशाला 4 महिने. 'घरची परिस्थिती हलाखीची' असले छापील शेरे लिहू नकोस. रात्री कोण कुठे झोपतं, कडी आतून लागते का, घर कोणाच्या नावावर आहे, शेजारी कोण मदतीला येईल, हे स्वतः जाऊन बघ आणि लिही. मुलीशी एकटीशी बोल. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत उतरव, कारण तिचं मत विचारात घेणं समितीवर बंधनकारक आहे.

आईच आरोपीची बाजू घेत असेल तर मात्र मुलीला हलवायला कचरू नकोस. आधी आजोळ, मावशी असं कोणी भरवशाचं आहे का बघ, बालगृह त्यानंतर. समितीच्या आदेशात शाळा कोणती, भेटायला कोण येऊ शकेल आणि कोण नाही, औषधोपचार कुठे, हे नावांसकट लिहून घे. 'नातेवाईकांना भेटू द्यावे' एवढंच लिहिलं असेल तर आरोपीचा भाऊही गोड बोलून आत जातो. आदेश चुकीचा वाटला तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं, तेव्हा प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी टाक.

न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळाला की त्याची प्रत पोलीस ठाण्यात देऊन आवक शिक्का घे. एक प्रत आईकडे राहू दे. बीट अंमलदार (त्या भागाचा पोलीस) बदलला की नव्याला पुन्हा नेऊन दाखव.

तुझी,
आई